मेंदूचा फोटो

“आज सकाळची गोळी दिली नाही ना?” डॉक्टर रणदिव्यांनी गाडीचं दार उघडता उघडता विचारलं.

“नाही दिली,” मी म्हणालो. “तुमच्या माणसानं फोनवर सांगितलं तसंच केलं.”

“आणि पाणी?”

“तोंड ओलं करण्यापुरतं.”

“उत्तम. पोटाचा पट्टा?”

पट्टा पिशवीत होता. एरवी तो बांधल्याशिवाय माझ्या बायकोला, शालनला, आम्ही खाटेवरून उठूच देत नसू. तो बांधलेला नाही हे कळल्यावर डॉक्टरांचा चेहरा खुलला. कोटाला लाल फूल, अंगाला अत्तराचा वास. त्यांनी वाकून शालनचा हात हातात घेतला.

“ताई, आज तुम्ही आमच्या चीफ गेस्ट. देशभरातून डॉक्टर आलेत तुम्हाला बघायला.”

शालन हसली. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. चाकाच्या खुर्चीत बसवून तिला आत नेताना तिनं मागं वळून मला हळूच विचारलं, “अहो, गोळी न्हाई, पानी न्हाई, पट्टा न्हाई. मग मी पडंन की.”

“डॉक्टर हायत न्हवं,” मी म्हणालो. “ते धरतील.”

खरंच तसं वाटत होतं मला. या माणसावर आमचा देवासारखा विश्वास होता, आणि त्याला कारणही होतं.

कराडजवळ ओगलेवाडीला शालनची पिठाची गिरणी होती. मी एसटीत कंडक्टर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी मुक्कामाला. गिरणी तिची एकटीची. सकाळी गिरणीचा पट्टा चढवला की दुपारपर्यंत ती उभी, पदर खोचून, भुवयांवर पीठ. ही बाई एक दिवस गिऱ्हाइकाची ज्वारी ओतता ओतता खाली कोसळली. उठली, पाणी प्याली, पुन्हा कामाला लागली. मग घरात पडली. मग पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना, हातातल्या अक्षतांसकट पडली. आडवी झाली की दोन मिनिटांत शुद्धीवर, उभी राहिली की पुन्हा डोळ्यांपुढं अंधार. माझ्या बहिणीनं लिंबू उतरवलं. जावा म्हणाल्या, अंगात येतंय. नंतर नंतर सगळे एकच बोलायला लागले, कामाचा कंटाळा आलाय, नाटकं करते. तेही तिला ऐकू जाईल अशा बेतानं. त्यात लघवीवरचा ताबा सुटायला लागला तेव्हा शालननं बाहेर पडणंच बंद केलं.

कराडच्या डॉक्टरांनी तिला झोपवून एकदा आणि उभं करून एकदा ब्लडप्रेशर बघितलं आणि पुण्याला पाठवलं. डॉक्टर रणदिवे हे पहिले, ज्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, “हे नाटक नाही. ह्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर केव्हाच अंथरूण धरलं असतं.” शालन तिथं ढसाढसा रडली होती. फी त्यांनी घेतली नाही. पुढच्या खेपेला तिनं त्यांच्यासाठी डबाभर भाजणी नेली.

त्यांनीच समजावलं होतं. माणूस उभा राहिला की रक्त पायांकडं उतरतं. ते वर ढकलायचं काम शरीरातल्या नसा आपोआप करत असतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. शालनच्या त्या नसा काम करेनाशा झाल्या होत्या.

“आता यामागं दोन रोग असू शकतात,” डॉक्टर म्हणाले होते. “बाहेरून दोन्ही सारखेच. सुरुवातीला भलेभले फसतात. एकात नुसत्या बाहेरच्या नसा जातात, मेंदू शाबूत राहतो. मीठ, पाणी, गोळ्या, पट्टा, एवढं सांभाळलं की माणूस वर्षानुवर्षं जगतो.”

“आनि दुसऱ्यात?” शालननं स्वतःच विचारलं.

“दुसऱ्यात मेंदूच आतून झिजत जातो, ताई. हातपाय कडक होतात, बोलणं जातं, गिळणं जातं.”

“किती दिवस?”

“काही वर्षं. त्यातली शेवटची चांगली नसतात.”

म्हणून मेंदूचा फोटो काढायचा होता. साधा नव्हे. एक औषध टोचून ते मेंदूत कुठं जाऊन बसतं ते बघायचं. आतली ठरावीक जागा उजळली तर मेंदू चांगला, अंधारी राहिली तर दुसरा रोग. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी तो फोटो काढला. रिपोर्ट आठ दिवसांत येईल, असं सांगितलं होतं.

आठ दिवस गेले. दसरा गेला. मी फोन केला तर तिकडून उत्तर, रिपोर्ट अजून यायचाय. पुन्हा केला, पुन्हा तेच. एकदा स्वतः डॉक्टर बोलले. “साळुंखे, धीर धरा. असल्या गोष्टींना वेळ लागतो.”

धीर धरायला आमच्याकडं वेळ नव्हता, तो सारिकामुळं. सारिका, शालनची सारी, आमची एकुलती एक. दोन वर्षं पहाटे उठून ती कृष्णेच्या पुलापर्यंत पळायची, गोळाफेक करायची, परत येऊन गिरणीत आईला हात द्यायची. पोलीस भरतीत तिची निवड झाली होती. दसरा झाल्यावर ट्रेनिंगला हजर व्हायचं होतं. वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची भरती. तिनं अर्ज करून दिवाळीपर्यंतची मुदत वाढवून घेतली. त्यापुढं मिळणार नाही, असं तिला स्वच्छ सांगण्यात आलं.

“तू जा,” शालन म्हणायची. “मी मरत न्हाई एवढ्यात.”

“रिपोर्ट येऊ दे, मग जाते.”

“आनि आलाच न्हाई तर?”

धनत्रयोदशीला मी परत पुण्याला फोन लावला. रिपोर्ट नव्हता. सारिका माझ्या शेजारीच उभी होती. माझा चेहरा बघून तिला काय समजायचं ते समजलं. “आईचं बोलणं जाणार असेल,” ती म्हणाली, “तर ते जायच्या आधी मला घरात राहायचंय, बाबा. वर्दी काय करायची घेऊन?” पाडव्याला मुदत संपली. तिच्या जागी यादीतली पुढची मुलगी गेली. सारिकानं पळायचे बूट धुऊन वाळत घातले आणि मग कागदात गुंडाळून माळ्यावर टाकले.

आणि मग तुळशीच्या लग्नाच्या सुमारास पुण्याहून आपणहून फोन आला. रविवारी वहिनींना घेऊन या, मोठी परिषद आहे, नामांकित डॉक्टर तपासतील आणि रिपोर्टही तिथंच मिळेल. सारिका गिरणी बघायला घरी राहिली. आम्ही दोघं निघालो.

सभागृह थंडगार होतं. खुर्च्या भरलेल्या. मला पहिल्या रांगेत कडेला बसवलं आणि शालनला व्यासपीठावर, तिच्या खुर्चीतच. तिच्या दंडाला ब्लडप्रेशरचं यंत्र लावलं होतं आणि त्याचे आकडे मागच्या मोठ्या पडद्यावर उमटत होते. डॉक्टर रणदिवे इंग्रजीत बोलायला लागले. मला इंग्रजी बोलता येत नाही, पण तीस वर्षं पुण्या-मुंबईच्या गाड्यांवर काढल्यावर कळायला लागतं. त्यांना ते ठाऊक नसावं, किंवा त्याची फिकीर नसावी.

त्यांनी शालनची सगळी माहिती सांगितली. कधी पडली, कुठं पडली. लघवीचं सांगितलं. शौचाचं सांगितलं. आम्ही नवराबायको म्हणून जे त्यांना बंद दाराआड, मान खाली घालून सांगितलं होतं, तेही सांगितलं. शालन सगळ्यांकडं बघून हसत होती. तिला वाटत होतं तिचं कौतुक चाललंय.

“नाऊ,” डॉक्टर म्हणाले, “लेट अस सी.”

दोन तरुण डॉक्टरांनी दोन्ही बाजूंनी धरून तिला उभं केलं.

पडद्यावरचे आकडे उतरायला लागले. सभागृहात मोबाईल वर आले. दोन्ही हातांत मोबाईल धरून माणसं बघत होती. शालन माझ्याकडं बघत होती. तिनं ओठ हलवले. मी ते ओळखले, ती “बसवा” म्हणत होती. मी उठलो. बाजूला उभ्या असलेल्या माणसानं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. “काही होत नाही, काका. धरलंय त्यांना.”

तिची मान लटकी पडली. डोळे वर गेले. धरणाऱ्यांपैकी एका मुलानं तिला खुर्चीत टेकवायला सुरुवात केली, तसे रणदिवे म्हणाले, “वेट. आणखी थोडं. मागच्यांना आकडा दिसू दे.”

तो थांबला.

शालनच्या साडीखालून पाणी व्यासपीठावर ओघळलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं पाय मागं घेतले. रणदिव्यांनी त्या ओघळाकडं बोट केलं आणि इंग्रजीत म्हणाले, हेही एक लक्षण आहे, कृपया नोंद घ्या. तेवढ्यात मागून पोछा घेऊन एक माणूस आला आणि पुसून गेला. मग तिला स्ट्रेचरवर आडवं करून, पाय उंच ठेवून कडेला सारलं.

तरी मी बसून राहिलो. रिपोर्ट मिळायचा होता.

शालन शुद्धीवर आली तेव्हा मी व्यासपीठाच्या पायऱ्या चढून तिच्याजवळ गेलो. या वेळी कुणी अडवलं नाही, कारण आता सगळ्यांचं लक्ष दुसरीकडं होतं. रणदिवे विचारत होते, तर मग, कोणता रोग? पहिला म्हणणाऱ्यांनी हात वर करा. थोडे हात वर झाले. दुसरा म्हणणाऱ्यांनी? हातांचं रानच उभं राहिलं. माझ्या बायकोचा मेंदू झिजतोय, ती काही वर्षांत मरणार, असं म्हणणारे ते हात. काही जण शेजाऱ्याकडं बघून हसत होते, पैज लावल्यासारखे.

“हात कशाला वर केल्यात?” शालननं विचारलं.

“कोन कुठनं आलंय ते इचारत्यात.”

“लई लांबनं आल्यात म्हनायचं.” तिनं ओल्या साडीवर पदर ओढून घेतला. “मला जरा पानी द्या हो.”

पिशवीतली बाटली मी तिच्या तोंडाला लावली. सभागृहातले दिवे मंद झाले. पडद्यावर काळ्या अंधारात मेंदू उमटला आणि त्याच्या मधोमध, शेजारी शेजारी, दोन लालभडक स्वल्पविराम पेटल्यासारखे दिसले.

उजळलेले. दोन्ही.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बहुतेक सगळ्यांचं उत्तर चुकलं होतं आणि त्यांना ते फार आवडलं होतं. मी स्ट्रेचरची दांडी घट्ट धरली. मेंदू चांगला होता. ती मरणार नव्हती. तिचं बोलणं जाणार नव्हतं. मला रडू फुटणार एवढ्यात रणदिव्यांचा आवाज आला, इंग्रजीतच, हसता हसता.

“दसऱ्यापासून हा फोटो माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. कुणाला म्हणजे कुणाला दाखवला नाही. पेशंटच्या घरच्यांनासुद्धा नाही. बातमी फुटली असती, तर तुम्हाला आज एवढी मजा आली नसती.”

हशा पिकला. चांगला, मनमोकळा हशा.

मला आधी ते शब्द नुसते ऐकू आले. अर्थ मागून आला. दसरा. मग आमचे फोन. मग धनत्रयोदशी. मग पाडवा. धीर धरा, साळुंखे.

“काय झालं?” शालन विचारत होती. “काय म्हनत्यात? रडताय का?”

“तुझा मेंदू चांगला हाय, शालन. एकदम चांगला. पहिलाच रोग हाय तुला.”

तिनं डोळे मिटले. छाती भरून श्वास घेतला. मग म्हणाली, “आत्ता कळलं व्हय?”

खोटं बोलायला हवं होतं. मगाशी हातांबद्दल बोललो तसं. पण तोंडातून निघून गेलं, “न्हाई. दसऱ्याला कळलंतं त्यास्नी.”

तिनं डोळे उघडले. “दसऱ्याला?” आणि मग, अगदी हळू, “आनि आपली सारी?”

दिवे लागले होते. रणदिवे आमच्याकडं येत होते, हातात शाल आणि नारळ, मागं फोटोग्राफर. “ताई, अभिनंदन! उत्तम बातमी. आजच्या कार्यक्रमाच्या खऱ्या मानकरी तुम्हीच.” त्यांनी शाल उलगडली आणि स्ट्रेचरवर आडव्या पडलेल्या, कंबरेखाली भिजलेल्या माझ्या बायकोच्या अंगावर पांघरली. फोटोग्राफर म्हणाला, जरा इकडं बघा.

शालननं फोटोग्राफरकडं बघितलं नाही. “डॉक्टर,” ती म्हणाली, “दसऱ्याला कळलंतं, तर सांगितलं का न्हाई?”

“अहो, थोडा सस्पेन्स लागतो, ताई,” ते तसेच हसत म्हणाले. “शिकणाऱ्यांना त्यातूनच लक्षात राहतं. आणि चार आठवड्यांनी काय फरक पडतो? रोग तोच, औषध तेच.”

“माझ्या पोरीनं पोलिसातली नोकरी सोडली. दिवाळीला. मी मरनार म्हनून.”

रणदिव्यांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं. त्या चेहऱ्यावर मी काही तरी शोधत होतो. एक ओळ, एक सुरकुती. पण तिथं नुसती अडचण होती, गर्दीत कुणी पायावर पाय दिल्यावर होते तेवढी. “अरे,” ते म्हणाले. “अरेरे. पण बघा, आई आहे ना तिची. आनंद माना.” आणि कुणीतरी हाक मारली म्हणून ते वळले.

मी ती शाल उचलली. तिची घडी घालावी का फेकावी, हे मला सुचेना. शेवटी ती मी नारळासकट व्यासपीठावरच्या टेबलावर ठेवली, फुलदाणीच्या शेजारी. मग पट्टा काढला आणि सगळ्यांदेखत शालनच्या पोटाला बांधला. गोळी दिली. उरलेलं पाणी पाजलं.

तिला खुर्चीत बसवून मी बाहेर काढलं तेव्हा सगळे जेवायला निघाले होते. व्हरांड्यात टेबलं मांडली होती, गरम तेलाचा आणि पाकाचा वास सुटला होता. आम्हाला वाट देताना लोक शालनकडं बघून माना डोलवत होते, ओळखीचं हसत होते. एक गोरापान तरुण डॉक्टर हातातली ताटली सावरत आमच्यासमोर आला. ताटलीत जिलेबी होती, बोटं पाकानं चिकट झालेली.

“काका, एक मिनिट,” तो म्हणाला. “मी अगदी मागं बसलो होतो. नीट दिसलं नाही. यांना परत एकदा उभं करता येईल का?”

मी कंडक्टर. आयुष्यभर गर्दीत दारुडे बघितले, बायकांना धक्के मारणारे बघितले, गाडीत ओकणारे बघितले. माणसांची एवढी शिसारी मला कधी आली नव्हती. मी त्याला मारणारच होतो. पण शालन खुर्चीतून म्हणाली, “बाळा, ते हात आधी धू,” आणि मला म्हणाली, “चला.”

तो खरोखरच आपल्या बोटांकडं बघत राहिला.

सातारा येईपर्यंत शालन आडवी पडून खिडकीतून आभाळ बघत होती. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर ओळखीचा, त्यानं बातमी ऐकून पेढे घ्यायचं सुचवलं, म्हणून गाडी थांबवली. तो पेढे आणायला उतरला तेव्हा शालन म्हणाली, “सारीला दसऱ्याचं सांगायचं न्हाई.”

“का? तिला कळायला नको? तक्रार करू. जाऊन जाब विचारू.”

“काय मिळंल? जागा मिळंल तिची परत?”

मी रिकामी बाटली पिशवीत कोंबली.

“तिला वाटू दे, आजच कळलं. न्हाईतर जल्मभर त्या मानसाचं तोंड तिच्या डोळ्यांपुढनं जायचं न्हाई. आपल्या दोघांच्या जानार न्हाई, तेवढं बास झालं.” मी तसा शब्द दिला. मग ती म्हणाली, “साडी बदलायला हवी घरात शिरायच्या आधी. वास येतोय.”

त्याला आता बारा वर्षं झाली. शालन आहे. मीठ खाते, पाणी पिते, पट्टा बांधते, उशाकडून खाट उंच करून झोपते, सांभाळून उठते. गिरणी सारिका चालवते, शेजारी मसाल्याचं कांडपही घातलंय. लग्न झालं, नवरा बरा आहे. रणदिव्यांकडं आम्ही पुन्हा गेलो नाही, कराडच्या डॉक्टरांनीच सगळं सांभाळलं. पुढच्या वर्षी पुण्याहून फोन आला होता, वहिनी परत येऊ शकतील का म्हणून. मी तो ठेवून दिला. तक्रार मी केली नाही. शालनला शब्द दिला होता.

त्या संध्याकाळी आम्ही घरी पोचलो तेव्हा सारिका दारातच उभी होती, केसांत पीठ. शालननं तिला गाडीतूनच सांगितलं, “मेंदू चांगला हाय गं माझा.” सारिका धावत आली, आईच्या गळ्यात पडली, हसली, रडली, माझ्या पाया पडली, ड्रायव्हरच्यासुद्धा पडायला निघाली. मग पेढ्याचा पुडा फोडून एक देवापुढं ठेवला आणि दुसरा माझ्या तोंडात कोंबला.

“बघा बाबा,” ती म्हणाली, “मी गेले नाही ना, म्हणूनच आई वाचली.”

शालन माझ्याकडं बघत होती. मी तो पेढा कसाबसा गिळला.